डीफॉल्ट प्रोफाइल: पेस्ट करून भागत नाही

‘अ‍ॅडमिनचं फोल्डर उचलून डीफॉल्टवर पेस्ट करा’ हा सल्ला काही जण देतात, तो नका ऐकू. विंडोजमध्ये नव्या युजरला डीफॉल्ट प्रोफाइलची, म्हणजे तयार सेटिंगच्या फोल्डरची, नक्कल मिळते, म्हणून हा शॉर्टकट सुचतो. फायली जातात, पण रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) जुन्या युजरचे पाथ तसेच राहतात. महापेच्या ऑफिसात मी हा उद्योग केलाय: नवीन मुलगी लॉगिन करते आणि तिची फाइल सेव्ह व्हायला जाते माझ्या नावाच्या फोल्डरात! वर ‘परवानगी नाही’. चाळीस मशिनी पुन्हा पहिल्यापासून केल्या, शेवटची ठाणे लोकल चुकली.

आता सगळी सेटिंग बिल्ट-इन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरमध्येच करतो, अनअटेंड फाइलच्या (सेटअपला आपोआप उत्तरं देणारी फाइल) स्पेशलाइज टप्प्यात कॉपीप्रोफाइल ट्रू, म्हणजे ही सेटिंग डीफॉल्टमध्ये उतरते, मग सिसप्रेप (इतर मशिनींवर टाकण्यासाठी विंडोज तयार करणारं टूल). फक्त त्या खात्यातून मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडू नका. एखादं अ‍ॅप त्या एकाच युजरपुरतं अपडेट झालं की सिसप्रेप अडून बसतो. मी तर लॅनची वायरच काढून ठेवतो, म्हणजे अपडेट येतच नाही.