लंडन, खिशात हात न घालता: तुमचे अनुभव लिहा

उन्हाळा लागला की इथल्या मराठी घरांत आई-बाबा, सासू-सासरे यायला लागतात आणि तोच प्रश्न पुन्हा निघतो, एवढ्या महागड्या शहरात त्यांना रोज न्यायचं तरी कुठे? मागच्या वर्षी माझे आई-बाबा दोन महिने होते. पहिल्या आठवड्यात तिकिटं काढून दोन ठिकाणं केली. दोन्हीकडे बाबा मनातल्या मनात पौंडाचे रुपये करत होते आणि आई गुडघे दुखत असताना एकेक मजला चढत होती. का, तर एवढे पैसे भरलेत, मग काही सुटायला नको. घरी आल्यावर काय पाहिलं ते दोघांपैकी कुणालाच नीट आठवेना.

मग ब्रिटिश म्युझियमला गेलो. १७५९ साली दारं उघडली तीच सगळ्यांना फुकट. आईला म्हटलं, आज एकच खोली बघायची. ३३ए. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं तिथे काचेपलीकडे लावली आहेत. आई बुद्धांच्या पावलांच्या शिळेपुढे थांबली. दोन पावलं, तळव्यांच्या मधोमध चक्र. मूर्ती नाही, फक्त पावलं. ती बाकावर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. मग म्हणाली, "चल आता घरी. बाकीचं परत येऊ तेव्हा." आणि खरंच परत आलो. दोन महिन्यांत सहा वेळा. कधी तासभर, कधी नुसतं पाऊस थांबेपर्यंत.

तेव्हापासून मला वाटतं की तिकीट नसल्याचा खरा फायदा पैसे वाचण्यात नाही. मधेच उठून जाता येतं, त्यात आहे.

तुम्ही लंडनमध्ये एक पैसाही न देता काय पाहिलंत? यादी नको, ती कुठेही मिळते. स्वतः गेलात तेवढंच लिहा, आधी नाव नोंदवावं लागत असेल तर तेही सांगा.

*

मी विद्यार्थी म्हणून आलो तेव्हा पहिले चार महिने खोलीचं भाडं भरलं की हातात काही उरायचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी सगळे बाहेर पडायचे आणि मी खोलीत. एका सीनियर ताईने सांगितलं, शुक्रवारी मोठी संग्रहालयं उशिरापर्यंत उघडी असतात, जा. नॅशनल गॅलरी नऊपर्यंत, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट दहापर्यंत.

नॅशनल गॅलरीत मी दर शुक्रवारी एकच चित्र बघायचो. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात तिथली सगळी चित्रं वेल्समधल्या एका दगडाच्या खाणीत लपवून ठेवली होती. भिंती रिकाम्या. १९४२ पासून दर महिन्याला एक चित्र खाणीतून आणून लोकांसाठी लावायला लागले, आणि बाँबच्या सावटाखाली माणसं त्या एका चित्रासाठी यायची. हे वाचलं आणि ठरवलं, आपणही एकच. व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांपुढे पहिल्यांदा गेलो तेव्हा गर्दी होती, नीट काही दिसलं नाही. आठनंतर परत गेलो तर समोर दोनच माणसं. जवळून रंगाचे थर दिसतात, फुलांच्या मधल्या भागात तर रंग अक्षरशः थापलेला आहे. छापील चित्रात हे कधीच कळलं नव्हतं.

आता नोकरी आहे, तिकिटं परवडतात. शुक्रवारची सवय मात्र सोडलेली नाही.

*

वर ताईंनी यादी नको म्हटलंय, म्हणून मी एकच सांगतो. वय ७१, मुलाकडे तीन वेळा येऊन गेलो. दुपारी घरात एकटा असायचो, त्यामुळे पायी फिरायची सवय लागली.

वॉर्विक अव्हेन्यू स्टेशनवरून पाच-सात मिनिटांवर हाउली प्लेस नावाचा शांत रस्ता आहे. तिथल्या १० नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे, लोकमान्य टिळक इथे १९१८-१९ मध्ये राहिले. चिरोल या इंग्रज पत्रकारावर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी ते आले होते, तो खटला ते हरले. घर खाजगी आहे, आत जाता येत नाही, बेल वगैरे वाजवू नका. फुटपाथवर उभं राहायचं, पाटी वाचायची. मी टोपी काढून उभा राहिलो. लहानपणी गावच्या गणपतीत ज्यांचा फोटो असायचा, तो माणूस या दारातून थंडीत कोर्टाला निघत असेल, असं वाटून गेलं.

तिथून खाली उतरलं की लगेच लिटल व्हेनिस, म्हणजे रीजेंट्स कॅनॉल. कालव्याच्या काठाने पूर्वेकडे चालायला लागा. थोड्या अंतरावर कालवा बोगद्यात शिरतो, बोगद्यातून पायवाट नाही, वरून रस्त्याने जाऊन पुन्हा काठावर उतरावं लागतं. पुढे रांगेने राहत्या नावा, छपरांवर कुंड्या, सायकली, सरपण.

रीजेंट्स पार्कच्या कडेला एक पूल लागतो, त्याचे लोखंडी खांब हात लावून बघा. १८७४ मध्ये बंदुकीची दारू नेणारी एक नाव याच पुलाखाली फुटली आणि पूल उडाला. खांब शाबूत राहिले, म्हणून तेच परत वापरले, पण फिरवून उभे केले. पूर्वी घोडे काठावरून दोरखंडाने नावा ओढायचे, त्या दोरांनी लोखंडात खोबणी पडली होती. खांब फिरवल्यावर दुसऱ्या बाजूलाही नव्या खोबणी पडल्या. त्यामुळे आज दोन्ही अंगांना खाचा आहेत. माझं अख्खं बोट एका खाचेत बसलं. आमच्या विहिरीच्या काठावरच्या दगडाला अशाच खाचा होत्या, पण लोखंडाला पडलेल्या पहिल्यांदाच बघितल्या.

पुढे प्राणिसंग्रहालयाची मागची बाजू लागते. तिकडून वर चढून प्रिमरोझ हिलवर जायचं. टेकडी ६० मीटरच्या थोडी वर आहे, पण सगळं शहर समोर येतं. आणि टेकडी उतरून थोडं चाललं की किंग हेन्रीज रोड, घर नंबर १०. इथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले. टिळक या शहरातून गेले आणि दोनच वर्षांत बाबासाहेब इथे. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतलं, आत स्मारक आहे, प्रवेशाला पैसे नाहीत. उघडं असण्याचे दिवस आणि वेळा आधी बघून जा.

मी गेलो तेव्हा आत एक कुटुंब होतं, बर्मिंगहॅमहून आलेलं. त्यातली आजी प्रत्येक खोलीच्या उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावत होती. मी बाजूला थांबलो. तिने विचारलं, "तुम्ही कुठले, भाऊ?" मी गाव सांगितलं. तिचं माहेर आमच्या शेजारच्या तालुक्यातलं निघालं. मग बाहेर पायरीवर बसून आम्ही तासभर बोललो.

बाबासाहेब रोज ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचायला बसत. ती गोल वाचनाची इमारत म्युझियमच्या मधल्या चौकात आजही उभी आहे. या घरापासून तिथपर्यंत मी एकदा चाललो, मला तास-सव्वातास लागला. रमतगमत चाललात तर टिळकांच्या घरापासून बाबासाहेबांच्या घरापर्यंत दोन तास धरा. पाण्याची बाटली घ्या.

*

काका, तुमचं वाचून काल संध्याकाळीच जाऊन आले. खांबाच्या खाचेत बोट घातलं. धन्यवाद.

*

दोन मुलं, वय चार आणि आठ. आमचा नियम एकच: साउथ केन्सिंग्टन स्टेशनच्या भुयारातून चालत जायचं (१८८५ चं आहे ते, स्टेशनमधून थेट संग्रहालयांकडे निघतं, पावसात वरदान) आणि एका फेरीत एकच वस्तू बघायची. धाकट्याला नॅचरल हिस्ट्रीमधला निळा देवमासा. २५ मीटरचा सांगाडा छताला टांगलेला आहे, तोंड उघडून खाली सूर मारल्यासारखा. पहिल्यांदा तो माझ्या मागे लपला, तिसऱ्या वेळी खाली उभं राहून त्याच्याशी बोलला. तिकीट काढून गेलो असतो तर तिसरी वेळ आलीच नसती.

मोठीला सायन्स म्युझियममधली अपोलो १० ची कुपी. चंद्राजवळून जाऊन आलेली खरीखुरी वस्तू, बाहेरून जळून तपकिरी झालेली. आतल्या काही विभागांना मात्र वेगळं तिकीट आहे, मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दारात रडारड होते.

उन्हाळ्यात शेवट व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या अंगणात. मधोमध उथळ लंबगोल हौद आहे, मुलं त्यात पाय बुडवून खेळतात, कुणी हाकलत नाही. कोरडे कपडे न्या. ११ वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांबरोबर ट्यूब आणि बस फुकट, हेही नव्या आलेल्यांना माहीत नसतं.

*

उंचावरून शहर बघायचं असेल तर स्काय गार्डन आणि होरायझन २२, दोन्ही फुकट, पण आधी वेळ नोंदवावी लागते आणि जागा भराभर संपतात. मला दोनदा मिळाली नाही. होरायझन २२ हे ५८ व्या मजल्यावर आहे. ढग असतील तर सरळ रद्द करा, दुसऱ्या कुणाला तरी जागा मिळेल. सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट मात्र समोरच्याच वन न्यू चेंजच्या गच्चीवरून बघा. नोंदणी नको, लिफ्टने वर जायचं.

*

मी गावाकडे तालुका कोर्टात वकिली करत होते, लग्नानंतर इथे आले आणि ते सगळं सुटलं. पहिल्या हिवाळ्यात फार घुसमट झाली. एके दिवशी कळलं की इथली न्यायालयं लोकांना उघडी आहेत, मागच्या बाकावर बसून ऐकता येतं. स्ट्रँडवरच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसमध्ये गेले. त्या भल्यामोठ्या दगडी दालनातून चालताना पाय जड झाले होते, कुणी तरी विचारेल, तुम्ही इथे कशाला? कुणीच विचारलं नाही. बॅग तपासली आणि आत सोडलं. अपिलाची सुनावणी होती, करारातल्या एका शब्दावर दोन तास. न्यायमूर्ती मधेच प्रश्न विचारत होते, वकील पान उलटून उत्तर देत होता. मी नकळत वहीत मुद्दे लिहायला लागले.

त्यानंतर आठवड्यातून एकदा जात राहिले. सुप्रीम कोर्टही बघितलं, पार्लमेंट स्क्वेअरवर आहे. ओल्ड बेलीला फोन किंवा बॅग काहीही चालत नाही, १४ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. तिथे खुनाचे खटले चालतात, समोर कुणाचं तरी घर उद्ध्वस्त झालेलं असतं, तेव्हा सहल म्हणून जाऊ नका. एवढं मला अगदी मनापासून सांगायचंय.

इथली परीक्षा द्यायचं मी त्याच बाकावर बसून ठरवलं.

*

सेंट पॉल बघायला तिकीट आहे, पण प्रार्थनेला नाही. बहुतेक दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास ईव्हन्सॉन्ग, म्हणजे गाऊन केलेली सायंप्रार्थना असते, वेस्टमिन्स्टर ॲबीतही. मी ख्याल शिकलेली आहे, चर्चसंगीताचं मला काही कळत नाही. घुमटाजवळ बसले होते. गायकवृंदातल्या मुलांनी स्वर सोडला आणि तो थांबल्यावरही वर घुमत राहिला, पुढचा स्वर त्या विरत्या स्वरावर येऊन बसला. तानपुरा नसताना तानपुऱ्यासारखं काही तरी भरून राहिलं होतं. ती प्रार्थना आहे, कार्यक्रम नव्हे. फोटो नाहीत, मधून उठणं नाही, सगळे उभे राहिले की उभं राहायचं.

*

सगळ्यांचं वाचलं. दोन-तीन सावधगिरीच्या गोष्टी घालते. चाकांची बॅग घेऊन ब्रिटिश म्युझियमला जाऊ नका, आत घेत नाहीत, विमानतळावरून थेट आलेल्या माझ्या मावशीला परतावं लागलं. बागेतल्या पट्ट्यापट्ट्यांच्या आरामखुर्च्यांना भाडं असतं, गवत आणि बाकांना नाही. सेंट जेम्स पार्कमधले पेलिकन दुपारी अडीचच्या सुमारास मासे खातात, १६६४ पासून ते त्या बागेत आहेत, बाबांनी चार वेळा पाहिले.

आणि ग्रिनिच राहिलंच. टेम्सखालच्या १९०२ च्या पायी बोगद्यातून गेलो, टेकडी चढलो. वेधशाळेत आत जायला तिकीट आहे, म्हणून बाहेरच थांबलो. छतावरचा लाल गोळा पाच कमी एकला अर्ध्यावर चढतो, मग टोकाला, आणि बरोबर एकला खाली येतो. १८३३ पासून. नदीतली जहाजं त्यावर घड्याळं लावत. जुलै महिना होता. गोळा पडला तेव्हा दाराजवळच्या २४ तासांच्या घड्याळाचा काटा तळाशी, बारावर होता, कारण ते घड्याळ उन्हाळ्यातही ग्रिनिचचीच वेळ दाखवतं. बाबा थोडा वेळ गोंधळले. मग त्यांनी बोटांवर साडेपाच तास मिळवले आणि आईकडे वळले.

"घरी साडेपाच झाले. आत्ता नळाला पाणी आलं असेल."