परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये एम१व्ही१ = एम२व्ही२ घातलं की उत्तर चुकतं, का?

प्रात्यक्षिक_बारावी
ऑक्झॅलिक आम्लाचे १.५७५ ग्रॅम स्फटिक २५० मिलिच्या मेजरिंग फ्लास्कमध्ये विरघळवले, म्हणजे ०.०५ मोलर द्रावण (लिटरला ०.०५ मोल; रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम म्हणजे एक मोल). त्यातले १० मिलि पिपेटने घेतले, ब्युरेटमध्ये (खुणा आणि तोटी असलेल्या नळीत) पोटॅशियम परमँगनेट. गुलाबी रंग टिकेपर्यंत लागलेल्या परमँगनेटची वाचनं १०.२, १०.०, १०.० मिलि. एम१व्ही१ = एम२व्ही२ या सूत्रात (एम म्हणजे मोलरता, व्ही म्हणजे आकारमान) घातलं तर परमँगनेटही ०.०५ मोलर येतं, पण उत्तर ०.०२ दिलंय. वजन चुकलं की गणित?

मोलमोजणी
वजन बरोबर आहे, वाचनंही. सूत्र चुकीच्या जागी वापरलंय. ते द्रावण पातळ करताना वापरायचं: पाणी कितीही ओता, आतले मोल तेवढेच राहतात, एवढंच ते सांगतं. दोन वेगळे पदार्थ एकमेकांशी अभिक्रिया करत असतील, तर ते १ ला १ या प्रमाणात करत असले तरच ते जसंच्या तसं चालतं.

इथे प्रमाण आहे २ ला ५. ऑक्झॅलिक आम्लाचा एक रेणू २ इलेक्ट्रॉन देतो, आणि परमँगनेटमधला मँगॅनीज +७ या ऑक्सिडेशन अंकावरून +२ वर येताना ५ घेतो. देणंघेणं जुळायला ५ ऑक्झॅलिक, २ परमँगनेट. सोबत ३ सल्फ्युरिक आम्ल लागतं आणि १० कार्बन डायऑक्साइड सुटतो.

आता फक्त मोल मोजा. ऑक्झॅलिक: ०.०५ × ०.०१० लिटर = ०.०००५ मोल. त्याचे दोन पंचमांश, म्हणजे ०.०००२ मोल परमँगनेट. ते ०.०१० लिटरमध्ये होतं, म्हणून ०.०२ मोलर. रेणुवस्तुमान १५८, म्हणजे लिटरला ३.१६ ग्रॅम. मिलिचं लिटर करायला विसरलात तर उत्तर हजार पटींनी हलतं. बऱ्याच चुका तिथेच होतात.

नॉर्मल_द्रावण
गोंधळाचं मूळ सांगतो. जुन्या पद्धतीत एन१व्ही१ = एन२व्ही२ लिहायचे आणि ते इथे अगदी बरोबर चालतं, कारण नॉर्मॅलिटीत (एन, म्हणजे मोलरता गुणिले एका रेणूमागे दिलेले-घेतलेले इलेक्ट्रॉन) इलेक्ट्रॉनांचा हिशोब आधीच धरलेला असतो. तुमचं ०.०५ मोलर ऑक्झॅलिक म्हणजे ०.१ नॉर्मल, ०.०२ मोलर परमँगनेटही ०.१ नॉर्मल. म्हणून तर १० मिलिला बरोबर १० मिलि लागले. 'एन' पुसून तिथे 'एम' लिहिलं की तो हिशोबच गळून पडतो.

प्रात्यक्षिक_बारावी
आता कळलं. शेजारच्या टेबलावर रेणुवस्तुमान ९० धरून १.१२५ ग्रॅम घेतलं होतं. त्यांना ७.१ मिलिच लागले. हे त्याचमुळे का?

मोलमोजणी
हो. बाटलीत असतात ते दोन रेणू पाणी धरलेले स्फटिक, त्यांचं रेणुवस्तुमान १२६. ९० हे निर्जल आम्लाचं. १.१२५ भागिले १२६ म्हणजे सुमारे ०.००८९ मोल, २५० मिलिमध्ये ०.०३५७ मोलर. तेवढ्याला ७.१४ मिलि परमँगनेट लागतं. वजन करण्याआधी बाटलीवरचं लेबल वाचायची सवय लावा. तिथे रेणुवस्तुमान छापलेलं असतं.

ब्युरेट५०
गणित बरोबर असूनही वाचन बिघडतं, ते असं:

सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं तर गुलाबीऐवजी तपकिरी गढूळपणा येतो, तो मँगॅनीज डायऑक्साइड. मग ५ इलेक्ट्रॉनांचा हिशोबच उरत नाही. ते वाचन टाकून द्या. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल चालत नाही, परमँगनेट त्यातल्या क्लोराइडवरही खर्च होतं आणि वाचन वाढतं.

ऑक्झॅलिक आम्लाचा फ्लास्क ६० ते ७० अंशांवर तापवून घ्या, उकळू नका. पहिल्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो. घाई न करता ढवळत राहा. थोडं मँगॅनीज +२ तयार झालं की तेच पुढची अभिक्रिया वेगाने चालवतं. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबा. द्रावण गडद असल्याने ब्युरेटमध्ये खालची वक्ररेषा दिसत नाही, म्हणून वरची कड वाचा, सुरुवातीलाही आणि शेवटीही. ब्युरेट काचेच्या तोटीची हवी, रबरी नळीवर परमँगनेटचा परिणाम होतो.

नॉर्मल_द्रावण
ऑक्झॅलिकऐवजी मोहर सॉल्ट (लोह +२ असलेला क्षार) आलं तर प्रमाण बदलतं: १ परमँगनेटला ५ लोह. रेणुवस्तुमान ३९२, म्हणून २५० मिलि ०.१ मोलरला ९.८ ग्रॅम, विरघळवताना विरल सल्फ्युरिक आम्ल घाला. १० मिलिमध्ये ०.००१ मोल, त्याचा पाचवा भाग ०.०००२, म्हणजे याच परमँगनेटचे पुन्हा १० मिलि. हे मात्र तापवायचं नाही, हवेतल्या ऑक्सिजननेच लोह +३ होऊ लागतं.