मदत हवी आहे: मोटरहोमच्या काचेवर प्रदूषणाचे स्टिकर नेमके कुठे लावायचे?

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडला राहतो. जुलैत मोटरहोम घेऊन फ्रान्समार्गे कोलोन आणि म्युनिकला जायचा बेत आहे. गाडी २०१४ ची, डिझेल, युरो ५ (धुराच्या प्रदूषणाचा युरोपीय दर्जा). फ्रान्सचं प्रदूषणाचं स्टिकर, म्हणजे क्रिटेअर, आलंय, पिवळं, २ नंबरचं. जर्मनीचं हिरवं, ४ हा आकडा असलेलं, तेही आलंय. मिळवताना काहीच त्रास झाला नाही, घोडं अडलंय ते चिकटवताना!

दोन्ही देश म्हणतात, काचेला आतून, उजवीकडे खालच्या कोपऱ्यात लावा. त्यांच्याकडे ती सोबत्याची बाजू. आमचं स्टिअरिंगच उजवीकडे, म्हणजे दोन्ही स्टिकर माझ्या नाकासमोर. त्यात आमच्या काचेच्या कडेला रुंद काळी पट्टी आहे. तिच्यावर लावलं तर बाहेरून दिसत नाही, वर सरकवलं तर रस्त्याच्या आड येतं. उजव्या स्टिअरिंगवाल्यांनी डावीकडे लावलंय का? चाललं का?

दुसरं, रात्री आम्ही काचेला आतून चंदेरी थर्मल पडदा रबरी सक्शन कपांनी चिकटवतो. रोज त्याच्या घासण्याने स्टिकर सुटेल का? एकदा काढलं की ते फाटतं, परत लावता येत नाही. म्हणून बायको म्हणते, प्लास्टिकच्या पाकिटात घालून डॅशबोर्डवर ठेवू. पण जर्मनीत स्टिकर नसल्याचा दंड १०० युरो, आणि नुसतं ठेवलेलं ग्राह्य धरतील असं मला वाटत नाही.

जर्मन स्टिकरवर हाताने लिहिलेला गाडीचा नंबर उन्हाने उडतो म्हणे. त्यावर काय करता? स्वतः जाऊन आलेल्यांनी सांगा, जमल्यास काचेचा फोटो टाका.