काल्पनिक बेटराष्ट्रात धर्मपीठ आणि राज्यघटना: शेवटचा शब्द कुणाचा?

नकाशावेडी:
तीन वर्षं एक देश रचतेय, तोहेमा. विषुववृत्ताजवळची चौदा बेटं, भोवती प्रवाळाचं कडं. सर्वोच्च पद समुद्रदेवीच्या महापुजारिणीचं. पण लेखी घटना आहे, निवडून आलेली सभाही आहे.

मासे अंडी घालतात ते दोन महिने कड्याच्या आतलं पाणी देवीचं, तिथे जाळं टाकायचं नाही, हे घटनेतच लिहिलंय. एका वर्षी वादळात माड आडवे होतात, घरोघरी चुली थंड. एक बाई रात्री जाळं टाकते. पहाटे धक्क्यावर पकडली जाते तेव्हा टोपलीत सात मासे असतात, दोन अजून तडफडताहेत. सभा म्हणते सोडा, मंदिर म्हणतं नाही.

इथे चार महिने अडकलेय. महापुजारिणीला मला खलनायिका करायचं नाही. तिची श्रद्धा खरी आहे, त्या बाईचीही. मग निकाल कोण देणार?

दर्यावर्दी:
हा पेच इराणमध्ये प्रत्यक्ष झालाय. १९७९ च्या घटनेनुसार संसदेचा प्रत्येक कायदा मंजुरीसाठी पालक परिषदेकडे जातो. तिचे सदस्य १२: सहा धर्मशास्त्री सर्वोच्च नेता नेमतो, सहा कायदेतज्ज्ञ न्यायपालिकेच्या प्रमुखाने सुचवलेल्यांतून संसद निवडते. संसद आणि परिषद वारंवार अडून बसू लागल्या, तेव्हा सर्वोच्च नेते खोमेनींनी १९८८ मध्ये तोडगा काढायला तिसरी परिषद नेमली. पुढच्याच वर्षी ती घटनेत आली. निवडणुकीच्या उमेदवारांची चाळणीही पालक परिषदच करते. तुमच्या सभेत उभं कोण राहू शकतं, हे आधी ठरवा. ते मंदिराच्या हाती असेल तर सभा 'सोडा' म्हणायचं धाडस करेल का?

जुनी_पोथी:
मी केरळातल्या त्रावणकोर संस्थानाकडे बघेन. १७५० मध्ये राजा मार्तंड वर्मांनी अख्खं राज्य पद्मनाभस्वामींना, म्हणजे विष्णूला, अर्पण केलं आणि स्वतः पद्मनाभदास म्हणून कारभार केला. मालक देव, राजा सेवक. तुमच्याकडेही पाणी देवीचंच असेल, तर माफी देण्याचा अधिकार पुजारिणीला तरी कुठून आला? तिची तगमग इथे आहे, सभेशी भांडणात नाही.

लेखी नियमाचा कडकपणा हवा असेल तर टोंगा या पॅसिफिकमधल्या बेटराज्याची १८७५ ची घटना वाचा. रविवार पवित्र पाळायचा आणि त्या दिवशी केलेला करार बाद, असं तिच्यात स्पष्ट कलम आहे. राज्य मात्र धर्मगुरूंचं नाही, राजाचं.

दर्यावर्दी:
हवाई बेटं राहिलीच. तिथल्या 'कापू' या धार्मिक निषेधाच्या नियमांत स्त्री-पुरुषांनी एकत्र जेवायचं नव्हतं, केळी आणि डुकराचं मांस बायकांना वर्ज्य. १८१९ मध्ये राजा कामेहामेहा दुसरा स्वतः बायकांच्या पंगतीला बसला आणि ती व्यवस्था कोसळली. त्याचा चुलतभाऊ जुन्या धर्मासाठी लढायला उभा राहिला आणि त्याच वर्षी लढाईत पडला. त्या माणसाबद्दल मला फार वाटतं. तुमच्या गोष्टीतही असा कुणीतरी असायला हवा.

नकाशावेडी:
जुनी_पोथी, 'अधिकार कुठून आला' हे वाचलं आणि वही उघडली. महापुजारीण निकाल देणारच नाही. ती धक्क्यावर येईल, टोपलीत हात घालून जिवंत दोन मासे पाण्यात सोडेल आणि उरलेले पाच त्या बाईच्या पदरात टाकेल. सगळ्या गावासमोर. कलम तिने मोडलं की पाळलं, यावर सभा आणि मंदिर पुढची पन्नास पानं भांडतील.

दर्यावर्दी, तो चुलतभाऊ म्हणजे माझ्याकडे शंख फुंकणारा म्हातारा. आज रात्री त्याच्यापासूनच सुरुवात करते.