अँटिमाकस फुलपाखराची विक्री बंद व्हावी का?

रानवाट:
पॅपिलिओ अँटिमाकस हे आफ्रिकेतलं सगळ्यात मोठं फुलपाखरू. पंख पसरले की १८ ते २३ सेंटिमीटर, म्हणजे चांगलं वीतभर. सिएरा लिओनमधल्या नमुन्यावरून इंग्रज कीटकसंग्राहक ड्रू ड्रुरी यांनी १७८२ साली त्याचं वर्णन केलं. आज तेच फुलपाखरू टाचणी टोचून, काचेच्या चौकटीत घालून विकलं जातं. माझं मत स्पष्ट आहे: रानातून पकडलेल्या अँटिमाकसची विक्री थांबलीच पाहिजे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतलं त्याचं वर्षावन आधीच तुटतंय.

गवतफूल:
मला नाही पटत. पकडले जातात ते बहुतेक नर. ओढ्याकाठी चिखलपानाला, म्हणजे ओल्या मातीतले क्षार शोषायला उतरतात, तेव्हा जाळ्यात सापडतात. माद्या उंच झाडांच्या शेंड्यांवर, सहसा हाती लागत नाहीत. शिवाय मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात फुलपाखरांचे पंख चिकटवून चित्रं करणारे कारागीर आहेत. सरसकट बंदीची झळ अशा हातावर पोट असलेल्यांना आधी बसते, झाडांवर करवत चालवणाऱ्यांना नाही.

रानवाट:
चिखलपानाचं म्हणताय म्हणून सांगतो. आपला नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, ओल्या मातीवर बसलेला पाहिलाय ना? किती गुंग असतो! मातीतले क्षार नर नुसते स्वतःसाठी घेत नाहीत. बऱ्याच फुलपाखरांत मीलनाच्या वेळी ते मादीला मिळतात, अंड्यांच्या कामी येतात. त्यामुळे 'नरच तर नेले' हा हिशेब मला मान्य नाही.

कोषवेडी:
दादा, केनियातल्या किपेपेओ प्रकल्पाचाही विचार करा. १९९३ पासून अराबुको-सोकोके जंगलालगतचे गावकरी फुलपाखरांचे सुरवंट वाढवतात आणि कोष परदेशातल्या फुलपाखरू-उद्यानांना विकतात. जंगल तोडून जमीन शेतीला द्या, असं म्हणणारे तिथे पूर्वी पुष्कळ होते. आता त्याच जंगलातून दोन पैसे मिळतात. विक्री हवी, पण अशी.

गवतफूल:
ताई, किपेपेओबद्दल दुमत नाही. पण अँटिमाकसच्या सुरवंटाविषयीच माहिती तुटपुंजी आहे, त्याची शेती करणार कशी? मग ओढ्याकाठच्या माणसाने तोवर काय करायचं?

कोषवेडी:
तोवर जिवंत अँटिमाकस पाहायला येणाऱ्यांना त्यानेच वाट दाखवावी. चिखलपानाच्या जागा त्याच्याइतक्या कुणाला ठाऊक आहेत?

गवतफूल:
रस्ताच नसलेल्या रानात येणार कोण, ताई? जाळं खाली ठेव म्हणण्याआधी ते सांगा.