गिअरबॉक्सवर ९६ हजार भरले, हिसके तेच. आता पुढचा खर्च कोणी करायचा?

धायरीकर

नमस्कार मंडळी. माझी गाडी २०१९ ची, पेट्रोल, सात गिअरची ड्राय ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. ६८ हजार किलोमीटर झालेत. संध्याकाळी सिंहगड रोडला गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असतात, त्या वेळी पहिल्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना गाडी थरथरायची आणि मग एक हिसका बसायचा. सकाळी गार असताना काही नाही, अर्धा-पाऊण तास ट्रॅफिकमध्ये घासली की सुरू.

अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. वॉरंटी संपलेली. दुसऱ्या दिवशी फोन आला, "सर, क्लच सेट गेलाय, बदलावा लागेल." अकरा दिवस गाडी तिथे आणि बिल ९६,४०० रुपये. भरले. आठवडाभर गाडी अगदी छान चालली. मग जुन्या कात्रज घाटात, मागे आई बसलेली, चढावर एका टेम्पोमागे थांबून पुन्हा निघालो तर तोच हिसका, आणि डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा दिवा.

त्यानंतर तीन चकरा झाल्या. दोनदा जॉबकार्डवर लिहून मिळालं, "तक्रार आढळली नाही." त्यातल्या एका वेळी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला की तुमची चालवण्याची पद्धत बदला, सारखी रेंगाळत चालवू नका. सिंहगड रोडला रेंगाळायचं नाही तर उडून जायचं का? चौथ्या वेळी सांगितलं की मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअरबॉक्सचं नियंत्रण करणारा भाग, खराब आहे आणि त्याला १ लाख ७० हजारांच्या आसपास खर्च येईल.

माझं म्हणणं सरळ आहे. मेकाट्रॉनिकच बिघडलं होतं तर क्लच बदलायला का सांगितला? बिघाडाचं निदान त्यांनी केलं, पैसे मी मोजले, तक्रार जशीच्या तशी राहिली. मी क्लच मागितला नव्हता, हिसका बंद करून मागितला होता. पुढचा खर्च त्यांनी करावा, निदान पहिल्या बिलातली रक्कम त्यातून वजा करावी. हा हट्ट आहे की हक्क, हे तुमच्याकडून ऐकायचं आहे.

जुना_अ‍ॅडव्हायझर

मी २२ वर्षं वेगवेगळ्या डीलरांच्या वर्कशॉपला काढली, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. राग येईल, पण ऐका.

लक्षण एक असलं म्हणजे बिघाड एकच असतो असं नाही. ड्राय ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच असतात, एकाकडे १-३-५-७ आणि दुसऱ्याकडे २-४-६ हे गिअर. ते तेलात बुडालेले नसतात, त्यामुळे रेंगाळत्या ट्रॅफिकमध्ये अर्धवट दाबले जाऊन तापतात आणि झिजतात. ६८ हजारांना क्लच झिजलेला असणं अजिबात अशक्य नाही. त्याच वेळी मेकाट्रॉनिक, म्हणजे ते क्लच दाबणारा आणि गिअर टाकणारा मेंदू, हाही थकलेला असू शकतो. नवीन क्लच बसवल्यावरच त्याचा दोष उघडा पडतो, हे मी कितीतरी गाड्यांत पाहिलंय. म्हणजे पहिली दुरुस्ती खोटी होती असं तुम्ही गृहीत धरू नका. तो क्लच तुम्हाला आज ना उद्या बदलावाच लागला असता.

आणि "तक्रार आढळली नाही" यात नेहमी लबाडी नसते. गाडी सकाळी दहाला येते, इंजिन गार, टेस्ट ड्राइव्ह चार किलोमीटरची. तुमचा हिसका पाऊण तासाने येतो. कोणाला कसा दिसणार?

धायरीकर

काका, राग नाही. पण एक सांगा, क्लच झिजला होता हे मला दाखवलं का नाही? जुना क्लच मागितला तर म्हणाले, "स्क्रॅपला गेला." फोटो नाही, झीज किती मोजली त्याचा आकडा नाही, बिलावर नुसता पार्ट नंबर. दोन्ही बिघाड होते हे आज तुम्ही सांगताय. त्यांनी त्या वेळी सांगितलं असतं तर जुनी होत चाललेल्या गाडीवर अडीच-पावणेतीन लाख घालायचे की नाहीत, हे मी आधीच ठरवलं असतं. ९६ हजार भरून बसल्यावर दुसरा आकडा सांगितला की माणूस अडकतो. मागे फिरलं तर पहिले पैसे पाण्यात जातात. मला सगळ्यात जास्त तेच लागलंय.

मिरजेचा मिस्त्री

धायरीकर साहेब, युनिट बदलायच्या आधी थांबा. मी मिरजेत ऑटोमॅटिकचंच काम करतो, म्हणून हात जोडून सांगतोय.

क्लच बदलला म्हणजे काम संपत नाही. काही गिअरबॉक्सना क्लच बसवताना फट मोजून त्या मापाची शिम, म्हणजे पातळ चकती, निवडावी लागते. ती अंदाजाने बसवली तर नवा क्लचही थरथरतो. त्यानंतर स्कॅनर लावून बेसिक सेटिंग करायचं, आणि मग ठराविक पद्धतीने गाडी चालवून क्लच नेमका कुठे पकडतो हे कंट्रोल युनिटला शिकवायचं. याला आम्ही अ‍ॅडाप्टेशन म्हणतो. ते अर्धवट राहिलं तर आठवडाभर बरी चालते आणि मग पुन्हा हिसके देते. तुमचं वर्णन मला तसंच वाटतंय, पण गाडी बघितल्याशिवाय छातीठोक बोलणार नाही.

दुसरं, गिअरबॉक्सच्या बाहेरही बघा. इंजिन किंवा गिअरबॉक्स धरून ठेवणारं रबरी माउंटिंग फाटलेलं असलं तर गिअर बदलताना सगळं इंजिन उडी मारतं आणि आत बसलेल्याला वाटतं गिअरबॉक्स गेला. इग्निशन कॉइल कमजोर झाली की कमी आरपीएमवर मिसफायर होतं, तेही हुबेहूब असंच जाणवतं. ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिन आणि क्लचच्या मधलं धक्के शोषणारं जड चाक, सैल असेल तर नवा क्लच लावून काहीच उपयोग नाही. आणि १२ व्होल्टची बॅटरी! ती उतरत आली की मेकाट्रॉनिकचे वाट्टेल ते एरर कोड येतात. बॅटरी पाच वर्षांची असेल तर आधी ती तपासा. १ लाख ७० हजारांच्या आधी ६-७ हजारांचं काहीतरी निघतं का बघा.

रेशीमबाग

मिस्त्रींचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. नागपूरला माझ्या एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सवरच बेतलेली ऑटोमॅटिक) गाडीत क्लच आणि अ‍ॅक्च्युएटर (क्लच दाबणारा भाग) दोन्ही कंपनीच्या वर्कशॉपने बदलले, तरी सिग्नलवरून निघताना दणका बसायचाच. चार महिने मी त्यांच्या दारात. शेवटी नंदनवनमधल्या एका गॅरेजवाल्या दादांनी बॉनेट उघडून, ब्रेक दाबून, एकदा ड्राइव्ह आणि एकदा रिव्हर्स टाकायला लावलं. इंजिन वीतभर हललं. माउंटिंग बदललं, ३,२०० रुपये, दणका गायब. मी तर म्हणेन, भांडणात वर्ष घालवू नका. चांगला मिस्त्री शोधा आणि डीलरचं नाव सोडा.

ग्राहकवकील

ताई, तुमची गाडी नीट झाली हे चांगलंच, पण धायरीकरांना हा सल्ला महागात पडेल. आत्ता बाहेर गिअरबॉक्स उघडला की डीलर पहिलं वाक्य हेच बोलेल, "आमच्यानंतर दुसऱ्याने हात लावलाय." मग पुरावा गेला आणि नव्या क्लचच्या पार्टवरची वॉरंटीही गेली. बाहेर फक्त तपासणी करा. स्कॅन करा, बॅटरी बघा, माउंटिंग बघा, लेखी रिपोर्ट घ्या. नट मात्र एकही सैल करू नका.

कायद्याचं सांगते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचं भांडण गाडीच्या दोषाचं नाही, दुरुस्तीच्या सेवेचं आहे, तेवढ्यावरच ठाम राहा. सहा वर्षांनी "गाडी बदलून द्या" अशी मागणी करू नका. २००६ साली मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश टिकवला नाही, वॉरंटीत सदोष पार्ट बदलून देण्याची जबाबदारी आहे तर अख्खी गाडी मागता येत नाही, असा त्याचा रोख होता.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, आणि आता तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात. मोबदला, म्हणजे सेवेसाठी तुम्ही मोजलेली रक्कम, ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची, म्हणून तारखा जपा. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करा, कंपनीच्या वरच्या ऑफिसपर्यंत विषय तिथूनही पोचतो.

जुना_अ‍ॅडव्हायझर

वकीलताई, आयोगात किती काळ जातो तेही सांगा ना. कायद्यात तीन महिने आणि तपासणी लागली तर पाच महिने असं लिहिलंय, पण प्रत्यक्षात माणूस तारखाच मोजत बसतो. तोवर गाडी कोण चालवणार? आणि क्लचच्या आधी मेकाट्रॉनिक बदलायला सांगितलं असतं तर हेच गृहस्थ म्हणाले असते, "एवढं महाग का सुचवलं?" वर्कशॉपला कंपनीच्या निदानाच्या पायऱ्यांनुसार जावं लागतं. डॉक्टर आधी साधं औषध देतात, गुण आला नाही तर पुढचं. म्हणून कोणी डॉक्टरची फी परत मागत नाही.

ग्राहकवकील

वेळ लागतो, हे खरं आहे आणि ते मी कोणापासून लपवत नाही. म्हणूनच मी आधी लेखी पत्र, मग हेल्पलाइन आणि शेवटी आयोग, असं सांगते. बऱ्याच तक्रारी नोटिशीवरच मिटतात, कारण कागद नीट असतील तर समोरच्यालाही तारखा नकोच असतात.

डॉक्टरांच्या उदाहरणाशी मात्र मी सहमत नाही. डॉक्टर ऑपरेशनआधी एक्स-रे दाखवतात, "याने गुण येईल का" याचं उत्तर देतात, रुग्णाची सही घेतात. इथे ९६ हजारांचं ऑपरेशन एका फोनवर झालं.

एडिसनवासी

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या न्यू जर्सीत. "भारतात लेमन लॉ (सारखी बिघडणारी सदोष गाडी बदलून किंवा पैसे परत मिळवून देणारा कायदा) हवा" असं कोणी लिहील म्हणून आधीच सांगतो. इथे तो आहे, पण नव्या गाडीसाठीचा, दोन वर्षं किंवा २४ हजार मैल यात जे आधी होईल ते. जुन्या गाडीच्या दुरुस्तीला त्याचा काही उपयोग नाही. तिथे आम्हीही बिलं आणि ईमेल घेऊनच भांडतो.

पण "तुमची चालवण्याची पद्धत" हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सबद्दल हेच झालं होतं. तोही ड्राय ड्युअल क्लचच, फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्टमध्ये होता. गाडी थरथरते म्हणून आलेल्या ग्राहकांना सांगितलं जायचं की तुमच्या चालवण्यामुळे होतंय, आणि ती थरथर गाडीच्या दर्जातल्या अडचणींचं लक्षण आहे हे कंपनीला माहीत होतं. २०१८ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. गिअरबॉक्स खराब निघाला म्हणून नव्हे, तक्रार घेऊन आलेल्या माणसांना ज्या पद्धतीने वागवलं त्यासाठी. धायरीकर, ते वाक्य तोंडी ऐकून घेऊ नका. जॉबकार्डवर लिहून मागा.

मिरजेचा मिस्त्री

लिहून मागा, हे लाख मोलाचं. बहुतेक वेळा ते लिहीतच नाहीत.

जुन्या काकांशी एका बाबतीत मी सहमत आहे. हिसका दिसला नाही तर मेकॅनिक काय करणार? तेव्हा गाडी सकाळी नेऊन सोडू नका. संध्याकाळी सहाला ट्रॅफिकमधून तापवत न्या, इंजिन बंद करू नका, टेक्निशियनला लॅपटॉपसकट शेजारी बसवा आणि तुमच्याच रस्त्याने फिरवा. हिसका बसेल त्या क्षणी क्लचचं तापमान, दाब, पकड हे सगळं लाइव्ह दिसतं. ते रेकॉर्ड करा म्हणावं आणि प्रिंट घ्या. मेकाट्रॉनिक खरंच गेलं असेल तर त्यात दिसेल. नसेल तर तेही दिसेल.

जुना_अ‍ॅडव्हायझर

हे बरोबर आहे. मी स्वतः ग्राहकाला हेच सांगायचो. आणि एक कबूल करतो, जुना पार्ट दाखवायला हवा होता. पैसे देऊन केलेल्या कामात तो ग्राहकाचा असतो. आमच्या काळी डिकीत ठेवून द्यायचो, ग्राहक नको म्हणाला तरच स्क्रॅप. तो पार्ट नाही, फोटो नाही, माप नाही, तर धायरीकरांची शंका रास्त आहे. तरी सगळं फुकट करून द्या या मागणीला माझा विरोध कायम आहे. क्लच नवा आहे, तो गाडीत आहे, त्याचा उपयोग तुम्ही घेणार आहात. मजुरी माफ करायला सांगा. गिअरबॉक्स पुन्हा उतरवायला लागला तर ती मजुरी त्यांनी दुसऱ्यांदा घेऊ नये, एवढं मी त्यांच्या खुर्चीत बसूनही मान्य केलं असतं. शिवाय कंपनीकडे गुडविल म्हणून पार्टच्या किमतीत वाटा मागता येतो. सर्व्हिस सगळ्या वेळेवर आणि त्यांच्याकडेच झाल्या असतील तर बऱ्याचदा मिळतो. डीलर आपणहून सांगत नाही, मागावा लागतो.

रेशीमबाग

काका, गुडविल हा शब्द मला चार महिन्यांत एकदाही कोणी सांगितला नाही.

धायरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगतो.

परवा बॅटरी तपासली. मूळचीच निघाली, २०१९ ची, आणि स्टार्टर मारताना व्होल्टेज खूप खाली जातंय. माउंटिंग ठीक आहेत. बॅटरी ५,८०० रुपयांत बदलली. काल सिंहगड रोडला ५० मिनिटं अडकलो, दिवा लागला नाही, पण दुसऱ्या गिअरला थरथर आहे, थोडी कमी. म्हणजे प्रश्न संपलेला नाही. पण मेकाट्रॉनिकचा तो एरर कोड कमजोर बॅटरीमुळे आला होता का, हे विचारायचा आधार आता माझ्याकडे आहे.

काका, तुमचं मजुरीचं म्हणणं पटलं, "सगळं फुकट" हा हट्ट सोडला. पण निदानाची जबाबदारी त्यांचीच, हे मत अजून घट्ट झालंय. चार वेळा गाडी त्यांच्याकडे गेली आणि एकाही जॉबकार्डवर बॅटरी तपासल्याची नोंद नाही.

आज डीलरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला एकच ईमेल पाठवलाय. त्यात चार जॉबकार्डांच्या तारखा, झिजलेल्या क्लचच्या मापाची मागणी, अ‍ॅडाप्टेशन केल्याची नोंद आणि गुडविलची विनंती आहे. सोमवारी संध्याकाळी सहाला टेक्निशियनला घेऊन धायरी फाट्यापासून निघायचं ठरलंय. लॅपटॉप आणायला त्यांनी होकार दिलाय, लेखी. मिस्त्री, प्रिंट मिळाली की आकडे इथे टाकतो, तुम्ही बघा.

मिरजेचा मिस्त्री

टाका. दोन्ही क्लचचे आकडे वेगवेगळे मागा, फक्त दुसऱ्या गिअरच्या क्लचचे नकोत. आणि निघण्याआधी टाकी अर्धी तरी भरून ठेवा, तापायला वेळ लागेल.