परदेशातून आलेल्यांबद्दलचा राग बातम्या पेटवतात की नुसता दाखवतात?

रेवा: भावाशी नेहमीचा वाद. तो म्हणतो, परक्यांबद्दलचा राग लोकांच्या मनात असतोच, वाहिन्या फक्त आरसा धरतात. मला वाटतं, राग वाहिन्याच पेटवतात. पुरावा असेल तर द्या. नुसती मतं घरात भरपूर आहेत.

आडवातिडवा: माध्यमं विकली गेलीत. विषय संपला.

शिळी बातमी: कुठला संपतोय! डेस्कवर उपसंपादकी केली आहे, म्हणून जरा लांबण लावतो. रेवाताई, भाऊ निम्मा बरोबर आहे. अमेरिकेत ब्रेडर, व्हॅलेंटिनो आणि सुहे यांनी एक प्रयोग केला (निष्कर्ष २००८ साली आले). बातमीचा साचा तोच, फक्त त्यातला स्थलांतरित कधी मेक्सिकन, कधी रशियन. स्थलांतराचे तोटे सांगणारी बातमी मेक्सिकन माणसाची असली की गोऱ्या वाचकांची धास्ती आणि विरोध जास्त वाढला. ठिणगी बातमीची, पण दारू आधीच भरलेली.

आता डेस्कवरचं सांगतो. रात्री चोरीच्या दोन बातम्या येतात, एकीतला आरोपी परदेशी. त्याचा देश थेट शीर्षकात जातो, दुसऱ्याचा कुणी विचारतही नाही. वर्षभर हेच चाललं की एकेक बातमी खरी आणि ढीग खोटा!

कावेरी: उलटंही घडतं. सप्टेंबर २०१५मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचा, बुडून मेलेल्या आयलान कुर्दी या छोट्या सीरियन मुलाचा फोटो आला आणि स्वीडिश रेड क्रॉसकडे निर्वासितांसाठी येणाऱ्या रोजच्या देणग्यांची संख्या शंभरपटीहून वाढली. काही आठवड्यांत ओसरलीसुद्धा.

रेवा: मग आरोपीचा देश छापायचाच नाही का?

शिळी बातमी: तेही अंगाशी येतं. २०१५च्या शेवटच्या रात्री जर्मनीत कोलोनमध्ये बायकांवर हल्ले झाले, संशयितांत बरेच स्थलांतरित होते. झेडडीएफ या तिथल्या मोठ्या वाहिनीने ४ जानेवारीच्या संध्याकाळच्या बातम्यांत ते घेतलंच नाही, मग माफी मागितली. काही लपवतायत असा संशय एकदा बसला की पुढचं सगळं अफवाच सांगतात. इंग्लंडमधल्या साउथपोर्टला जुलै २०२४मध्ये तीन मुलींचा खून झाला. आरोपी बोटीतून आलेला आश्रयार्थी असल्याचं पसरलं, दंगली झाल्या. तो ब्रिटनमध्येच, कार्डिफला जन्मलेला निघाला.

जर्मन प्रेस कौन्सिलने २०१७मध्ये निकष ठरवला: आरोपीचा वंश वा धर्म सांगण्यात रास्त सार्वजनिक हित हवं, नुसतं कुतूहल पुरेसं नाही. मी तर डेस्कवर एवढंच विचारायचो, आरोपी इथलाच असता तर ही बातमी कुठल्या पानावर गेली असती? बहुतेक वेळा उत्तर यायचं, आतल्या पानावर, दोन परिच्छेद. मग तशीच लावायचो, आणि सकाळच्या बैठकीत बोलणी खायचो.